माडबनच्या पठाराची साक्ष

कोणतीही भूमी निर्धोक ठरविण्यापूर्वी तिच्याविषयीच्या नोंदी किती जुन्या आहेत, हे विचारले पाहिजे. जैतापूर अणुप्रकल्पाचे समर्थक नेमका हाच प्रश्न टाळतात. रत्नागिरी जिल्ह्यातील माडबनच्या पठारावर प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या उभारण्याची योजना आहे. तेथे मोठा भूकंप झाल्याची नोंद नाही, सबब भय नाही, असा त्यांचा युक्तिवाद.

हा युक्तिवाद महाराष्ट्रात तरी कोणी करू नये. दख्खनचे पठार अचल आहे, ही एकेकाळी सर्वमान्य समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने ती मोडली. सुमारे १८० माणसे दगावली, धरणाच्या भिंतीला तडे गेले. तरीही १९९३ साली किल्लारीचा प्रदेश अधिकृत नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच होता! त्या वर्षीच्या ३० सप्टेंबरला सुमारे दहा हजार जीव घरांच्या दगडमातीखाली गाडले गेले. नकाशा मागाहून बदलला. मृतांना त्याचा काय उपयोग?

जैतापूर म्हणजे फुकुशिमा नव्हे, असे उत्तर मिळते. ते अंशतः खरे आहे. माडबनचे पठार समुद्रसपाटीपासून बरेच उंच आहे आणि जपानप्रमाणे भूपट्टांची सीमा कोकणाखाली नाही. तथापि ११ मार्च २०११ चा बोध लाटेच्या उंचीपुरता नाही. फुकुशिमाचा प्रकल्प ५.७ मीटर लाटेच्या हिशेबाने सज्ज होता. इ. स. ८६९ मध्ये त्या किनारपट्टीवर महाकाय लाट आल्याचे जुन्या इतिहासग्रंथात नमूद होते. २००८ साली कंपनीच्याच गणिताने पंधरा मीटरहून उंच लाटेची शक्यता दाखविली. कंपनीने ती बाजूस सारली. उलट, भूकंपकेंद्राला अधिक जवळ असलेला ओनागावा प्रकल्प बचावला. ती पुरातन लाट ध्यानात घेऊन त्याची जागा सुमारे पंधरा मीटर उंचीवर ठेवावी, असा आग्रह त्याच्या उभारणीच्या वेळी धरला गेला होता.

जैतापूरला असा आग्रह कोण धरणार? कोयना तेथून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. विनोद गौर आणि रॉजर बिल्हॅम या भूशास्त्रज्ञांनी २०११ साली ‘करंट सायन्स’मध्ये स्पष्ट मांडले की, संभव अल्प असला तरी कोयना-किल्लारीसारखा भूकंप थेट प्रकल्पाखालीही होऊ शकतो. अल्प संभव आणि अशक्य यांत अंतर आहे. अणुभट्टीच्या बाबतीत त्या अंतराची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजावी लागते.

विजेची गरज कोणी नाकारीत नाही. परंतु वीज दूरच्या शहरांत उजळणार आणि धोका साखरी नाट्याच्या मच्छीमाराने उशाशी घेऊन निजायचे, हा कोणता न्याय? धोका आहे हे सिद्ध करण्याचे ओझे त्या मच्छीमारावर लादता येणार नाही. जमिनीत चर खणून प्राचीन भूकंपांच्या खुणा तपासाव्यात, निष्कर्ष स्थानिकांपुढे मराठीत ठेवावेत, स्वतंत्र तज्ज्ञांना त्यांची फेरतपासणी करू द्यावी. ते होईतो माडबनच्या पठारावर अणुभट्टीचा पाया घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.