दात मोजता, मग रक्त का तपासत नाही?

लोणी किंवा काष्टीच्या बाजारात गाय घेताना आपण काय काय बघतो! दात मोजतो, कास चाचपतो, चारही सडांची धार काढतो, टॉवेलाखाली दलालाची बोटं दाबतो. आणि रक्ताची एक नळी काढू म्हटलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. म्हणे, रक्त काढलं की दूध आटतं! धादांत खोटं. चारशे किलोच्या गाईच्या अंगात वीस लिटरच्या वर रक्त असतं. तपासणीला पाच-दहा मिली पुरतं.

मी गोठा सांभाळतो, म्हणून संतापून लिहितो. आयबीआर या गाईंच्या संसर्गजन्य रोगाचा विषाणू एकदा शिरला की जन्मभर गाईच्या मज्जातंतूंत दडून बसतो. गाय वरून धडधाकट. प्रवासाचा किंवा विण्याचा ताण आला, स्टेरॉइड टोचलं, की तो उठतो आणि नाकातल्या स्रावातून शेजारच्या दावणीला पोचतो. मग एक गाय सातव्या महिन्यात गाभडते, दुसरी सारखी उलटते. आपण खनिज मिश्रण बदलतो, हार्मोनची इंजेक्शनं मारतो, नजर लागली म्हणून लिंबू उतरवतो. रक्ताचा नमुना तेवढा पाठवत नाही!

सरकारचंही तेच. वीर्य केंद्रातल्या वळूंना आयबीआरची तपासणी लावली. मग बाजारात दावं बदलणाऱ्या गाईंना का नाही? 2019 पासून लाळ्या-खुरकुताची लस मोहीम चालू आहे, कानात बारा आकडी बिल्ले आहेत. चांगलंच आहे. पण लस टोचल्याची नोंद म्हणजे कळपात विषाणू नसल्याचा पुरावा नव्हे. बुळकांडी याच देशाने संपवली. 2006 साली भारत त्या रोगातून मुक्त ठरला तो केवळ लसीच्या जोरावर नाही. लस थांबवून, गावोगाव रोग शोधून आणि रक्तजल तपासून.

'पॉझिटिव्ह निघाली तर काय करू?' वेगळी बांधा. आयबीआर माणसाला होत नाही, तिचं दूध काढा. पण माहीत असून ती पुढच्या बाजारात दुसऱ्याच्या गळ्यात मारणं ही सरळ फसवणूक आहे.

बाजार समित्यांनी तपासणीच्या दाखल्याशिवाय जनावर आत घेऊ नये. आणि शेतकऱ्यांनो, तोवर वाट बघू नका. दाखला नसेल तर विसार देऊ नका. दाखला असला तरी नवी गाय तीन आठवडे वेगळी बांधा, पुन्हा रक्त तपासा, मगच दावणीला घ्या.