परिशिष्टापासून वाचा

शोधगंगेवर कुठलाही प्रबंध उघडा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने सांभाळलेल्या या भांडारात आता पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि बहुतेकांचे तुकडे एकाच साच्यातले: ०१ म्हणजे शीर्षकपान, मग प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, प्रकरणे आणि तळाला ८० क्रमांकाची ‘रेकमेंडेशन’ नावाची फाइल. घाईतला वाचक शीर्षक पाहतो, ८० उघडतो आणि निघून जातो. काही परीक्षकही याहून फार वेगळे वागत नसावेत, असा मला दाट संशय आहे. मी परिशिष्टापासून सुरुवात करतो.

कारण पहिली दोन प्रकरणे कुणीही लिहिली तरी तीच. संशोधनाची गरज, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती व मर्यादा, पूर्वसंशोधनाचा आढावा. विषय वाणिज्य असो की शिक्षणशास्त्र, वाक्येसुद्धा ओळखीची वाटू लागतात. संशोधक खरोखर कुठे गेला, कुणाशी बोलला, काय मोजले, हे मागच्या पानांत कळते. सह्याद्रीतल्या एखाद्या तालुक्याच्या वनस्पतींवरचा प्रबंध घ्या. विवेचनात जैवविविधतेचे महत्त्व वगैरे यायचे ते येते. मागे मात्र यादी असते: शास्त्रीय नाव, कूळ, गावातले नाव, कुठल्या महिन्यात फुलावर आली, ओढ्याकाठी सापडली की कातळावर, भाजीला वापरतात की औषधाला. टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी. विदर्भात कुणी अशीच यादी केली असेल, तर तिथला तरोटा म्हणजे आपला टाकळाच, हे शास्त्रीय नावावरून लगेच जुळते. इतिहासाच्या प्रबंधामागे मोडी कागदांची लिप्यंतरे असतात, मराठीच्या मागे जात्यावरच्या ओव्या, भूगोलाच्या मागे विहिरींच्या पाणीपातळीचे तक्ते. वीस वर्षांनी त्या प्रबंधाचा निष्कर्ष कुणी विचारणार नाही. विहिरीला तेव्हा पाणी किती होते, हे नक्की विचारतील.

पण आपल्याकडे मोजमाप वजनावर चालते. विद्यापीठाभोवतीच्या डीटीपीच्या दुकानांत मरून रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या बांधीव प्रतींच्या थप्प्या लागलेल्या असतात आणि तीनशे पानांखालचा प्रबंध मार्गदर्शकाला उगाच उघडाबोडका वाटतो. कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, ती वनस्पतींतल्या सायटोक्रोम-सी या द्रव्यावरच्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर. डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा लंडनमधला प्रबंध १९२३ सालीच पुस्तकरूपाने बाहेर आला आणि आजही चलनाचा इतिहास लिहिणाऱ्याला तो उघडावा लागतो. सांगण्यासारखे होते ते सांगितले आणि लोकांच्या हाती दिले, एवढेच या दोघांनी केले.

नियमांचा तुटवडा नाही. प्रबंधाची सॉफ्ट कॉपी देणे २००९ च्या यूजीसी नियमांनी सक्तीचे केले. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम आले आणि दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालेल, पुढे शिक्षा, असे ठरले. २०२२ मध्ये प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती गेली. पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे दुकान त्याने थोडे मंदावले असेल, तर बरेच झाले. मात्र गोळा केलेली माहिती दुसऱ्या कुणाला वापरता येईल का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मराठी प्रबंधांची तर वेगळीच तऱ्हा. जुने प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकलेले किंवा नुसतेच स्कॅन केलेले. पडद्यावर दिसतात, शोधले तर सापडत नाहीत. साम्य तपासणाऱ्या यंत्रालाही त्यात अक्षरांचा गोंधळच दिसतो. म्हणजे चोरीही पकडली जात नाही आणि चांगले कामही हाती लागत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये सारथीच्या अधिछात्रवृत्तीवर बोलताना अजित पवारांनी विधान परिषदेत, पीएच.डी. करून काय दिवा लावणार, असे विचारले होते. गदारोळ झाला, खुलासा झाला. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या पैशावर संशोधन करणाऱ्यांत घरातली पहिलीच पदवीधर असलेली मुले पुष्कळ. ती विषयही आपल्या गावाजवळचे निवडतात: ऊसतोड, मासेमारी, पालावरच्या वस्त्या. तिथे त्यांना जे सांगितले जाते, ते बाहेरच्या माणसाला कुणी सांगणार नाही. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचेच, तर या मुलांची परिशिष्टे सभागृहात ठेवावीत.

अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. कित्येक परिशिष्टांत उत्तरदात्यांची नावे, जात, उत्पन्न, कर्ज जसेच्या तसे पडलेले असते. ते उघड करणे म्हणजे ज्यांनी विश्वासाने सांगितले त्यांनाच चव्हाट्यावर आणणे. नावे काढून, गावांना संकेतांक देऊन तक्ते तयार करायला आठवडा पुरेल. ते मार्गदर्शकाने करून घ्यावे, विभागाने तपासावे, आणि प्रबंध युनिकोडमध्ये असल्याशिवाय ग्रंथालयाने तो स्वीकारू नये.

राहिले बहिःस्थ परीक्षक. ते सकाळच्या गाडीने येतात, मौखिक परीक्षा आटोपतात, पेढे घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. त्यांनी निदान एक प्रश्न परिशिष्टावर विचारावा. त्यासाठी त्यांना प्रबंध शेवटपर्यंत उलटावा लागेल, त्याला इलाज नाही.