धुरा पेटवण्याआधी एक विचार



यंदा सोयाबीनला दुसरं डवरणं चालू असताना बैलांच्या पायापुढून लावी भुर्रकन उडाली. पाहतो तर धुऱ्याजवळ गवतात सात अंडी. दोन तासं तशीच सोडली. अंडी उबायला १६-१८ दिवस लागतात. पिल्लं निघाली की लगेच आईमागं पळतात आणि किडे टिपतात. ती निघून गेली, घरटं रिकामं झालं. बरं वाटलं.

पण खरी गोष्ट पुढं आहे. गेल्या उन्हाळ्यात हाच धुरा जळाला होता. पेटवला शेजाऱ्यानं, माझी मूकसंमती होती. त्याला दोष देत नाही. मजुरी परवडत नाही, काडी ओढली की काम होतं. तणनाशकाचंही तेच.

लावा धरणं, मारणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे कायदा पक्ष्याला आहे, धुऱ्याला नाही. आणि धुरा नसेल तर लावा राहील कुठं?

अमेरिकेत बॉबव्हाइट नावाच्या लाव्यासाठी शेताच्या कडेला ३० ते १२० फूट पट्टा राखणाऱ्या शेतकऱ्याला २००४ पासून सरकार भाडं देतं. आपल्या दोन-तीन एकरात ३० फूट सोडा म्हणणं म्हणजे थट्टा आहे. पण सामायिक धुरा दोघांचा असतो, तो दोघांनी मिळून राखता येतो.

माझं म्हणणं एवढंच:

- धुरा पेटवू नका. गाजरगवत उपटा, मारवेल-पवन्या राहू द्या. दिवाळीनंतर कापा, बैलांना वैरण होईल.
- कृषी विद्यापीठवाल्यांनो, "धुरे स्वच्छ ठेवा" असं सरसकट सांगू नका. कोणतं तण काढायचं, कोणतं गवत ठेवायचं ते सांगा.
- फासेपारधी बांधवांना लाव्याची बोली आणि वाट आपल्यापेक्षा जास्त कळते. अकोला-वाशीमकडं तणमोराच्या कामात ते आहेतच. आरोपी म्हणून नको, जाणकार म्हणून सोबत घ्या.
- ग्रामपंचायतीनं गायरानाचा एक तुकडा पावसाळाभर चराईबंद ठेवावा, पण मेंढपाळांना विचारूनच.

एकट्यानं राखलेला धुरा शेजाऱ्याच्या एका काडीनं जातो. म्हणून परवा शेजाऱ्याकडं चहाला गेलो. तो म्हणाला, "एक वर्ष पाहू."

तुमच्या धुऱ्याचं काय? लिहा.