बेत आणि कागद
परळच्या आमच्या चाळीतले चार तरुण मित्र परवा म्हणाले, "काका, हसू नका. पैसे साठवून जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स बघायचं. तेही स्पोर्ट्स कार भाड्याने घेऊन, स्वतः चालवत." मी हसलो नाही. कारकुनाच्या सवयीने कागद-पेन्सिल घेतली.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्याच आरटीओत मिळतो, मुदत एक वर्ष. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने हाकावी लागते. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक कर, फ्रान्समध्ये टोल. जर्मनीच्या ऑटोबानवर काही भागांत वेगमर्यादा नाही. तरी सल्ला ताशी १३० किलोमीटरचाच आहे. वेगवान गाडीला अनामत मोठी, बहुधा वयाची अटही. म्हणून साध्या गाडीचाही हिशेब मांडला.

मित्रांसह लांबच्या प्रवासाचा बेत आपल्याकडे नवा नाही. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत आपली ओळख सांगायची नाही, हेही बेतातच धरावे लागले होते. तरी दौलताबादच्या किल्ल्याबाहेरील हौदावर हातपाय धुतले, म्हणून जमाव अंगावर धावून आला.

आज परवान्याच्या अर्जात नाव, पत्ता, वय विचारतात. जात विचारत नाहीत. हा बदल फुकट मिळालेला नाही. पोरांनो, अर्ज पूर्ण नावानिशी भरा आणि येत्या पगारापासून भिशी सुरू करा.