पिग्मीच्या वाटेने कर्ज का येऊ नये?

फलटणच्या भाजीबाजारात गोणपाट अंथरून कोथिंबिरीच्या जुड्या आणि मिरचीचे वाटे मांडणाऱ्या बाईपुढे दिवस कलताना पतसंस्थेचा पिग्मी गोळा करणारा मनुष्य येऊन उभा राहतो, तिने ओच्यातून काढून दिलेल्या पन्नास-शंभर रुपयांची नोंद करतो आणि पुढच्या पालाकडे वळतो. हा क्रम उन्हापावसात, सणासुदीला, वर्षानुवर्षे अव्याहत चाललेला असतो. परंतु त्याच बाईला हंगामाच्या तोंडाशी माल उचलण्यासाठी दहा-वीस हजारांची निकड पडली आणि ती त्याच संस्थेच्या कचेरीत दरखास्त घेऊन गेली, की तिला सातबाराचा उतारा, घराची नोंद आणि दोन पगारदार जामीनदार मागितले जातात. आणि यांपैकी एकही वस्तू तिच्या स्वतःच्या नावावर बहुधा नसते. ठेव तिच्या दारात जाऊन घ्यावयाची आणि कर्ज मात्र तिने दप्तरात येऊन मागावयाचे, हा आमच्या सहकारी पतव्यवस्थेतील मूलभूत विसंगतीचा प्रकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग ती बाई जाते कोठे? बाजारात सकाळी नऊशे हातात घ्यावयाचे आणि सायंकाळी हजार परत करावयाचे, असा व्यवहार चालतो. नऊशेवर शंभर म्हणजे एका दिवसाला अकरा टक्के! हे व्याज जी नियमाने फेडते आणि वर चूल पेटती ठेवते, तिच्या व्यापारबुद्धीविषयी शंका घेणाऱ्यांनी आपल्या स्वतःच्या दुकानावर हा दर महिनाभर लावून पाहावा.

याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. फलटणला नीरेच्या कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, कारखाने आहेत. शेजारच्या माण तालुक्याच्या वाट्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळच आलेला. त्या माणमधील म्हसवड येथे, रस्त्याकडेला उघड्यावर राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी आपल्या झोपडीवर ताडपत्री घालावयाची होती, आणि तेवढ्यासाठी रोज थोडे पैसे साठवू पाहणाऱ्या तिचे खाते उघडावयास बँकांनी नकार दिला. या प्रसंगातून श्रीमती चेतना गाला सिन्हा यांनी महिलांच्या बँकेचा घाट घातला. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नामंजूर केला, कारण प्रवर्तक स्त्रिया निरक्षर. तेव्हा त्या स्त्रियांनी अक्षरे गिरवली, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या की, कोणतीही मुद्दल सांगा, तिचे व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो, आपल्या माणसांनीही ते यंत्रावाचून काढून दाखवावे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. पुढे असे दिसून आले की, बँकेत यावयाचे म्हणजे बाईची दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बँकच दारी जाऊ लागली. पासबुक घरात राहिले तर नवरा पैसे मागतो, म्हणून त्यावरही तोड निघाली. आणि गुप्त आकडा कोणी हिसकावून घेईल, पण माझा अंगठा कोण चोरणार, अशा युक्तिवादाने अंगठ्याच्या ठशाची मागणी स्वतः खातेदार बायकांनीच केली. खातेदाराच्या अडचणीतून नियम घडावा, नियमाच्या साच्यात खातेदार कोंबू नये, ही दृष्टी मला या बँकेच्या साऱ्या गौरवाहून अधिक मोलाची वाटते.

हा प्रश्न केवळ आपल्या मुलखाचाही नाही. १९९१ मध्ये सोमालियातील राजवट कोसळली, तेथील बँकाही तिच्याबरोबर गेल्या, आणि यादवीत घरचा कर्ता गमावलेल्या असंख्य स्त्रियांनी दूध, भाजी, कापड यांच्या किरकोळ व्यापारावर कुटुंबे तगवली. त्यांचे भांडवल कोठून आले? ‘हगबाद’ नावाच्या, आपल्या भिशीसारख्याच, आळीपाळीने उचल देणाऱ्या मंडळांतून. सातबारा तेथे मागणार कोण आणि देणार कोण! परस्परांची ओळख आणि नियमित भरणा हेच तारण. त्या देशातील बहुसंख्य लोक तिशीच्या आतले आहेत, आणि त्यांच्या तरुणांसाठी आता जगभरच्या संस्था उद्योगसाहाय्याच्या योजना आखीत आहेत. पण त्या योजनांचे यश या जुन्या विश्वासव्यवहाराला जोडून घेण्यावरच अवलंबून राहील, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको.

आमच्या तरुणांची गोष्टही निराळी नाही. वाहनदुरुस्ती शिकलेला मुलगा किंवा शेळ्यांची चार करडे वाढवू पाहणारी मुलगी यांच्या नावे जमीन नसते; ती वडिलांच्या, क्वचित आजोबांच्या नावे, आणि वाटणीचा फेरफार चावडीवर पडून. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे, त्यात अनुदानही आहे. परंतु ते पदरात पडावयाचे तर आधी बँकेने कर्ज मंजूर करावयास हवे, आणि गाडी पुन्हा तेथेच अडते. मेळावे होतात, शिबिरे होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. त्यांचे मला वावडे नाही; मात्र शिवणकामाचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि यंत्र दुकानात, अशी स्थिती असलेली घरे या तालुक्यात शोधावी लागत नाहीत.

वसुलीचे काय, असा आक्षेप येईल, आणि तो अवाजवी नाही. छोट्या कर्जाच्या वसुलीचा खर्च मोठा असतो. सबब व्याज थोडे चढे ठेवावे लागले तर ठेवावे, पण ते लपवू नये. कर्जमाफीची आशाही कोणी दाखवू नये, त्याने प्रामाणिक फेडणारीच नागवली जाते. मात्र एवढे ध्यानात ठेवावे की, राज्यात ज्या पतसंस्था बुडाल्या त्या बहुतांशी भाजीवालीच्या थकबाकीने नव्हे, तर बड्या कर्जांनी.

तेव्हा फलटण तालुक्यातील पतसंस्थांच्या संचालकांना माझी विनंती आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक साधा ठराव मांडावा: ज्या खातेदाराने सलग सहा महिने पिग्मी भरली, त्याला किंवा तिला त्याच भरण्याच्या पटीत, वीस-पंचवीस हजारांच्या मर्यादेत, सातबाऱ्यावाचून कर्ज द्यावे, हप्ता रोजचा असावा, आणि तो त्याच पिग्मीवाल्याने त्याच पालावर जाऊन घ्यावा. त्यासाठी शासनाच्या नव्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. माणूस रोज तेथे जातोच आहे.