आजारी माणूस आणि आपला मशवरा

अमेरिकेतील चेस्टनट लॉज या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ स्टँटन आणि समाजशास्त्रज्ञ श्वार्ट्झ यांनी वॉर्डाचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांचे पुस्तक १९५४ साली निघाले. त्यांना आढळले, की एखादा रुग्ण फार बिथरला तर पुष्कळदा त्याच्यावरून दोन कर्मचाऱ्यांत छुपा मतभेद असे. ते दोघे मोकळेपणाने बोलले, की रुग्णही निवळत असे.

घरातही हेच घडते. अम्मी म्हणते गोळी द्या, भाईजान म्हणतात दुआ पुरे. मधल्यामध्ये आजारी माणूस होरपळतो. दवा आणि दुआ यांत भांडण नाही. सूरह शूराने आपसांतल्या मशवऱ्याची शिकवण दिली आहे. म्हणून डॉक्टरांना विचारून घरच्यांनी आधी एकमत करावे, मगच रुग्णाशी बोलावे.