न वापरल्याने काय झडते?

जे अवयव वापरले जात नाहीत ते पिढ्यान्‌पिढ्या झिजत जाऊन नाहीसे होतात, म्हणून वाहनांतून फिरणाऱ्यांची पणतवंडे लुळ्या पायांची आणि गणकयंत्र वापरणाऱ्यांची नातवंडे पाढ्यांवाचून जन्मणार, असे भाकीत हल्ली गांभीर्याने केले जाते. जणू आजवरची मुले पाढे पाठ करूनच जन्माला येत होती.

हे मत जुनेच आहे. उपार्जित गुण, म्हणजे आयुष्यात कमावलेले किंवा गमावलेले गुण, संततीत उतरतात असे लामार्कने 1809 साली मांडले, आणि पाळीव बदकांच्या पंखांची हाडे रानबदकांच्या मानाने हलकी का, याचे उत्तर देताना डार्विननेही त्याचाच आधार घेतला. परंतु थोरांची चूक हवाल्याला घेतल्याने खरी ठरत नाही.

या पक्षाचा हुकमी साक्षीदार म्हणजे मेक्सिकोतील गुहांमधला आंधळा मासा. अंधारात डोळे न वापरल्याने ते गेले, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात या माशाच्या भ्रूणात डोळा घडू लागतो आणि पुढे त्याच्या भिंगातील पेशी मरून तो खचतो, म्हणजे वापरण्या-न वापरण्याची वेळ येण्याआधीच निकाल लागलेला असतो. नदीत राहणाऱ्या त्याच जातीच्या डोळस माशाचे भिंग या भ्रूणात बसवले असता डोळा वाढल्याचे 2000 साली दिसून आले. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की, वेगवेगळ्या गुहांतील आंधळ्या माशांचा संकर केला असता काही पिले डोळस निपजली, कारण प्रत्येक गुहेत बिघडलेली जनुके वेगळी होती आणि एका पालकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. डोळे खरोखर अंधारानेच झिजवले असते, तर दोन आंधळ्यांच्या पोटी दृष्टी आली कोठून?

पिढीजात धंद्याचे कसब रक्तात उतरते, म्हणून ज्याने त्याने बापाचाच धंदा करावा, हा युक्तिवादही याच गोत्रातला. शाळांची दारे उघडताच त्याचे काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे.

वस्तुस्थिती एवढीच की, वापराभावी होणारा क्षय व्यक्तीच्या आयुष्यापुरता असतो: प्लास्टर काढल्यावर पोटरी बारीक दिसते आणि व्यायामाने बहुधा भरून येते; अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडांतील खनिजे व्यायाम पुरेसा नसल्यास महिन्याला सुमारे 1 ते 1.5 टक्क्याने घटतात. वंशात मात्र अवयव जातो तो नैसर्गिक निवडीने, म्हणजे जगण्यास अनुकूल गुण टिकवणाऱ्या प्रक्रियेने, त्याला राखणे सोडल्यावर जनुकांतील बिघाड साचत गेल्याने, आणि कधी त्या बिघाडाचाच फायदा झाल्याने. तेव्हा पायांची काळजी असणाऱ्यांनी पणतवंडांच्या नावाने गळा काढण्यापेक्षा स्वतः चालू लागावे.